विहिरीकडचं झाड

थोरलीने जावेच्या खोक्यावरच्या ओल्या फडक्याचं टोक उचललं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खाली अंजिरं होती. जांभळी, टपोरी, बुडाशी मधासारखा थेंब आलेली. ही फळं तिने झोपेतही ओळखली असती. विहिरीकडच्या झाडाची!

ते झाड तिने लावलेलं. नवी नवरी होती तेव्हा, हाताएवढी फांदी खोचून. पाणी तिने घातलं, पाखरं तिने हाकलली, आणि वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीकडचा तुकडा अंजिराच्या सगळ्या झाडांसकट गेला धाकट्या दिराला. म्हणजे जावेलाच. आयत्या बिळावर नागोबा! आता रविवारच्या बाजारात दोघींच्या पथाऱ्या शेजारीशेजारी. धाकटीच्या अंजिरांपुढे रांग, आणि हिच्या काकड्या-वांग्यांवर माश्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय गोडी आहे हो तुमच्या हाताला!" धाकटीच्या हाताला. थोरली ऐकायची आणि पुसलेलीच वांगी पुन्हा पुसायची.

हा खोका मात्र धाकटीने सकाळपासून मांडलाच नव्हता. मागे सावलीत दडवला होता.

"असेल कुणा बड्या हॉटेलवाल्यासाठी," थोरली पुटपुटली. "माझ्या झाडाची फळं, नि मला साधी दाखवायचीही नाहीत."

धाकटी पाणी भरायला गेली होती. जाताना म्हणाली होती, "ताई, जरा लक्ष ठेवा हं." ठेवलं की लक्ष! तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले.

"अंजिरं आहेत?"

"आहेत ना!" म्हणत थोरलीने अख्खा खोका त्यांच्या पिशवीत रिकामा केला. साध्या अंजिरांच्याच भावाने. बस म्हणावं आता हॉटेलवाल्याच्या तोंडाकडे बघत. तिला कसं थंडगार वाटलं.

बाजार उठायची वेळ झाली. उठताना शेजाऱ्यांनी उरलासुरला माल एकमेकांना द्यायचा, ही तिथली रीत. थोरलीकडे नेहमीच उरायचं, धाकटीकडे कधीच नाही. त्यामुळे धाकटी नुसती घ्यायची, आणि तेही थोरलीला सलायचं. आज धाकटी मागे वळली, फडकं उचललं, तर खोका रिकामा.

"ताई, इथली अंजिरं?"

"विकली. मागायला आले, दिली. का, विकायची नव्हती?"

"नव्हती." धाकटीने फडकं पिळलं, झटकलं, घडी घातली. "यंदा विहिरीकडच्या झाडाला जाळी बांधली म्हणून पाखरांपासून वाचली. दर वेळी तुमचं घेते नि मी आपली रिकाम्या हाताची. म्हटलं, आज पहिली तोड तुमच्या टोपलीत घालू. झाड तुमचंच ना ते."

थोरलीचे कान तापले. ती घाईघाईने काकड्या भरायला लागली. शरम वाटली, आणि त्याहून जास्त वाटलं ते वाईट.

"अहो बाई!" मघाचे आजोबा लगबगीने परत येत होते. "एक तोंडात टाकलं नि निम्म्या वाटेतून फिरलो. काय चीज आहे! झाड कुणाचं हो हे?"

हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून थोरली दोन हंगाम झुरली होती.

"हिचं," ती धाकटीकडे बोट दाखवून म्हणाली. "पण ही अंजिरं विकायची नव्हती, चूक माझी झाली. त्यातली दोन परत द्या ना, आजोबा."

आजोबांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली. मागे धाकटी फस्सकन हसली.