विहिरीवर न बोलायचा शब्द

लातूर जिल्हा नवा झाला त्या सालची गोष्ट. चाकूरकडं नव्या कचेरीच्या जीपगाड्या लई आल्या, पाऊस मात्र रुसला तो रुसलाच. मग जुन्या विहिरी खोल करायचं काम निघालं आणि व्यंकटीला दम खायला उसंत राहिली नाही.

व्यंकटी खाली उतरायचा, त्याची बायको कावेरीबाई काठावर बसायची. गाळाची पाटी ओढायला चार गडी असत. तिचं काम एकच, घडीघडीला हाक द्यायची, "कसं हाय?" खालून उत्तर यायचं, "बरं हाय."

विहिरीच्या काठावर 'भ्या' हा शब्द काढायचा नाही, असा विहिरी खोदणाऱ्यांचा नेम. घरी पालीचं भ्या म्हणा, सासूचं म्हणा, मास्तरांचं म्हणा, कोण अडवतंय? पण माणूस खाली असताना म्हटलं की विहीर ऐकते म्हणे! अकरा वर्षं कावेरीबाईनं जीभ दाताखाली धरली होती.

त्या दुपारी गुरुपादप्पांच्या विहिरीवर ऊन नुसतं हलत होतं. तळाच्या वीतभर पाण्यात आभाळ उतरलेलं, आणि व्यंकटी त्या आभाळात उभा राहून कुदळ मारत होता. एक पांढरा, रिकामा ढग त्याच्या पायाखालून चालला होता. बघता बघता तिला वाटलं, आता हा त्या ढगावर पाय ठेवील आणि निघून जाईल, मागं वळूनसुद्धा बघणार नाही. नेहमीची हाक तोंडात आलीच नाही.

"अवो, वर या! मला भ्या वाटायलंय!"

गड्यांच्या हातातला दोर थांबला.

"अगं बाई, काय बोललीस!" विहिरीचे मालक गुरुपादप्पा ओरडले. "आता विहिरीला नारळ द्यावा लागंल. आजचं काम बंद!"

व्यंकटी वर आला. विहिरीत एक ढेकूळसुद्धा पडलं नव्हतं. चार माणसांत शोभा झाली, आता हा फाडून खाणार, म्हणून कावेरीबाईनं पदर तोंडावर ओढला.

तो तिच्याशेजारी मटकन बसला. गड्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू तो म्हणाला, "मला बी वाटतं, कावेरे. पहिल्या दिसापासून. तू 'कसं हाय' इचारायचीस, मग मी दुसरं काय सांगावं?"