माझ्यातला अंगारशहा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. काळ्या प्लास्टिकचा, पुस्तकासारखा उघडणारा. माझ्या पोटात एकाच चित्रपटाचे तीन भाग तीन चकचकीत तबकड्यांवर ठेवलेले होते. लोक त्यांना डीव्हीडी म्हणत, घरातली मंडळी सरळ सीडी म्हणत. माझ्या अंगावर निळे पंख पसरून उडणाऱ्या माणसाचं चित्र आहे. त्याचं नाव नीलपंख. चित्र आता फिकट झालं आहे, पंख राखाडी दिसतात.

मी जन्मलो एका कारखान्यात. तिथं माझ्यासारखे हजारो डबे पट्ट्यावरून सरकत होते. चित्रपट परदेशातला, पण त्यातली माणसं हिंदीत बोलत. पहिल्या भागात नीलपंखाला पंख मिळतात. दुसऱ्या भागात त्याच्यासमोर अंगारशहा उभा राहतो. अंगारशहाचा अर्धा चेहरा आगीत जळालेला असतो आणि तो पडद्यावर आला की ढोल वाजू लागतात. तिसऱ्या भागात नीलपंख त्याला हरवतो. गोष्ट एवढीच. पण जे मला पाहत, ते डोळे मोठे करून पाहत, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

मला कळंबच्या बाजारातून बलभीमनं विकत घेतलं. बलभीम तेरखेड्याचा. आमच्या गावात फटाके बनतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. बलभीम एका शेडवर भुईनळ्यात दारू भरायचं काम करायचा. हे काम त्याला दादामियाँ नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं होतं. बलभीमची मुलगी निकिता तेव्हा सात वर्षांची, दुसरीत होती. तिच्यासाठीच त्यानं मला आणलं.

ते माझे चांगले दिवस होते. शाळा सुटली की निकिता दप्तर टाकायची आणि मला उघडायची. तबकडीला बोट लागू नये म्हणून ती कडेनं धरायची. बलभीम कामावरून आला की हात धुवून तिच्याशेजारी बसायचा. त्याची बोटं धुतली तरी दारूच्या भुकटीनं चंदेरीच राहायची.

अंगारशहा आला की निकिता बापाच्या कुशीत तोंड लपवायची.

"आबा, गेला का त्यो?" ती विचारायची.

"थांब. अजून हाय," बलभीम म्हणायचा. मग थोड्या वेळानं, "गेला बघ. काढ तोंड."

निकिताची आई शिवकन्या चुलीपाशी बसून हसायची. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. लेकरू घाबरतं, बापाला बिलगतं, यात वाईट ते काय? पण मी तिला रोज काय शिकवत होतो, ते मला कळत नव्हतं. जळका चेहरा म्हणजे वाईट माणूस, हा धडा मीच तिला दिला. एकदा नाही, शंभरदा दिला.

त्या वर्षी दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. शेडवर कामाची घाई होती. एका दुपारी गावात मोठा आवाज झाला. घरातली भांडी हलली, मीही टीव्हीवरून खाली पडलो. शिवकन्या पिठाच्या हातांनीच बाहेर धावली.

पुढचं मला घरात झालेल्या बोलण्यातून कळलं. शेडमध्ये भडका उडाला होता. दादामियाँ आतच दगावले. बलभीम जगला, पण त्याला सोलापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. शिवकन्या त्याच्यासोबत राहिली. निकिता मामाकडं गेली. घराला कुलूप लागलं आणि मी जमिनीवर पडलो होतो तसाच धूळ खात राहिलो.

दोन महिन्यांनी कुलूप उघडलं.

बलभीम आत आला. त्याचा उजवा गाल, कान आणि मान ओळखू येत नव्हती. कातडी ओढल्यासारखी झाली होती आणि डोळ्याची कड खाली आली होती. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. मामानं निकिताला आणलं. ती उंबऱ्यावर आली, तिनं बापाकडं पाहिलं आणि ती कपाटामागं शिरली.

"अंगारशहा आलाय," ती आतून म्हणाली. "आई, त्याला जायला सांग."

मित्रांनो, मला हात असते तर मी माझं झाकण लावून घेतलं असतं.

त्या दिवसापासून तो घरातही तोंडाला दस्ती बांधून बसू लागला. तो रुमाल फक्त जेवताना निघायचा, तेव्हा बलभीम भिंतीकडं तोंड करून बसायचा. निकिता आईच्या पलीकडं झोपायची. त्याचा आवाज ओळखीचा होता, म्हणून ती त्याच्या हाकेला ओ द्यायची, पण मान वळवायची नाही. बलभीम हळूहळू हाका मारेनासा झाला.

पंधरा दिवस असेच गेले. मग शिवकन्येला ते सोसवेना. एका सकाळी बलभीम पट्टी बदलायला तालुक्याच्या गावी, वाशीला गेला होता. तिनं निकिताला समोर बसवलं आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं.

"ह्यो बघ नीलपंख," ती म्हणाली. "आगीत शिरतो का न्हाय लोकास्नी काढायला?"

"व्हय."

"तुजे आबा बी तसंच शिरले. दादामियाँ आजोबास्नी काढायला परत आत गेले. म्हणून त्यांचं तोंड भाजलं."

निकितानं माझ्यावरच्या निळ्या पंखांवरून बोट फिरवलं. "म्हंजी आबा नीलपंख हायेत?"

"तसंच समज," शिवकन्या म्हणाली.

त्या संध्याकाळी निकितानं बापाला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलंही. तांब्या घेताना बलभीमच्या हातून पाणी सांडलं. त्याला वाटलं, लेकराचं भय आपोआप गेलं. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं. मीही खूश झालो, कारण माझ्यामुळे मोडलेलं माझ्यामुळेच जुळत होतं.

पण निकिता सात वर्षांची होती. तिनं ही गोष्ट शाळेत सांगितली. बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून सांगायला लावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात हेडमास्तर घरी आले.

"बलभीमराव, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेतर्फे तुमचा सत्कार करायचा ठरलाय," ते म्हणाले. "शाल-श्रीफळ. तुम्ही जे धाडस केलं ते मुलांना कळायला पाहिजे."

"कसलं धाडस, गुरुजी?" बलभीमनं विचारलं.

हेडमास्तर हसले. "हाच तुमचा मोठेपणा," असं म्हणून ते चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर बलभीमनं शिवकन्येकडं पाहिलं. शिवकन्येनं मान खाली घातली. निकिता अंगणात खेळत होती, म्हणून दोघं हळू बोलले.

"का सांगितलंस असं?"

"लेकरू जवळ येत नव्हतं तुमच्या. मी काय करू?"

"आता मी काय करू, ते सांग," बलभीम म्हणाला.

दोन दिवस तो धड जेवला नाही. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दारात ताहेराबी उभी राहिली. ताहेराबी म्हणजे दादामियाँची बायको. बलभीम तिला चाची म्हणायचा. दवाखान्यातून आल्यापासून तो तिच्या घराकडं फिरकला नव्हता.

ती खाटेवर बसली. निकिता मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती, त्यामुळे मी सगळं जवळून पाहिलं.

"बलभीम, गावात कळलं मला," ताहेराबी म्हणाली. "तू आत गेलतास म्हणं माज्या माणसाला काढायला. मला कुणी सांगितलंच न्हाय. मला एवढंच सांग बाबा, तू गेलास तवा त्ये जिते हुते का? काय बोलले का तुज्यासंगं?"

शिवकन्या चहाचा कप घेऊन आली होती. ती तिथंच थांबली.

बलभीमनं तोंडावरची दस्ती सोडली. निकिता दचकली, पण उठली नाही.

"चाची, म्या आत गेलोच न्हाय," तो म्हणाला. "मी दारापाशी बसलो हुतो. भडका उडाला तवाच तोंड भाजलं. मी भाईर पडलो. आतून त्यांचा आवाज आला. पळ बलभीम, म्हणले. मी पळालो. मागं वळून बी बघितलं न्हाय."

"चूक माजी हाय, चाची," शिवकन्या म्हणाली. "पोरगी भेत हुती म्हणून म्या खोटं सांगितलं. ह्यास्नी ठावं बी नव्हतं."

ताहेराबीनं बलभीमला विचारलं, "तुजं नाव घेऊन म्हणले?"

"व्हय."

"मला लोकांनी सांगितलं, एका क्षणात गेले. कायबी कळलं नसंल त्यास्नी." तिनं पदर डोळ्याला लावला. "म्हंजी कळलं हुतं."

बलभीम खाली बसला. त्याचा उजवा डोळा नीट मिटत नव्हता, म्हणून त्यातलं पाणी थेट गालावरून वाहत होतं.

"चाची, मी फिरलो असतो तर..."

"तर शिवकन्या बी माज्यासारखी बसली असती," ताहेराबी म्हणाली. "पळालास त्याचा राग न्हाय मला. त्यांनीच सांगितलं, तू ऐकलंस. पण घरी येऊन महिना झाला तुला. माज्या दारात का आला न्हाईस? त्याचा राग हाय."

ताहेराबी चहा न घेता उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "ये आता. पोरीला घेऊन ये."

ती गेली. शिवकन्या कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग निकितानं विचारलं, "म्हंजी तुमी नीलपंख न्हाय?"

"न्हाय," बलभीम म्हणाला.

मला वाटलं, आता ती पुन्हा कपाटामागं जाईल. या वेळी कायमची जाईल. तिला भुलवायला घरात कुणापाशी दुसरी गोष्ट उरली नव्हती. माझ्यापाशीही नव्हती.

"तुमाला लई भ्या वाटलं हुतं का?" तिनं विचारलं.

"लई."

"मला बी वाटतंय. तुमचं."

"ठावं हाय मला," बलभीम म्हणाला. "वाटू दे. मी रागावणार न्हाय."

निकितानं मला जमिनीवर ठेवलं. ती उठली आणि त्याच्या डाव्या अंगाला, जिथं चेहरा पूर्वीसारखाच होता, तिथं जाऊन बसली. त्याला टेकली नाही. दोघांच्या मध्ये वीतभर जागा होती. पण ती जेवायची वेळ होईपर्यंत तिथंच बसली.

दुसऱ्या दिवशी बलभीम शाळेत जाऊन हेडमास्तरांना खरं काय ते सांगून आला. सत्कार झाला नाही. गावात काहीजणांनी नावं ठेवली. कुणी म्हणालं, खोटारडा आहे. कुणी म्हणालं, भित्रा आहे. शिवकन्येनं ते पाण्याच्या टाकीवर ऐकलं आणि घरी येऊन भांडी आपटली. त्याच आठवड्यात बलभीम निकिताला घेऊन ताहेराबीकडं गेला. तिथं काय झालं ते मला माहीत नाही. ते दोघं परत आले तेव्हा निकिताच्या हातात गुळाचा खडा होता आणि बलभीमचे डोळे सुजले होते.

सव्वीस जानेवारीला बलभीम झेंडावंदनाला गेला. बाकीच्या आयाबापांसारखा मागं उभा राहिला, दस्ती न बांधता. मुलं वळून वळून पाहत होती, असं शिवकन्येनं नंतर शेजारणीला सांगितलं. निकिता रांगेत होती. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. शाळा सुटल्यावर मात्र ती बापाची करंगळी धरून घरी आली. उजव्या हाताची करंगळी. त्या हाताचं आता तेवढंच बोट वळू लागलं होतं.

यानंतर मला फारसं कुणी उघडलं नाही. शिवकन्येनं मला कपाटावर टाकलं. पुढं डीव्हीडीचं यंत्र बिघडलं, घरात मोबाईल आला. माझी पहिली तबकडी पाखरं हाकलायला ज्वारीच्या रानात दोरीला बांधली गेली आणि वाऱ्यात फुटली. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. बलभीम पुन्हा कधी शेडवर गेला नाही, त्यानं दोन म्हशी घेतल्या. अजूनही गावात मोठा आवाज झाला की तो हातातलं काम सोडून दारात येतो आणि बराच वेळ तिथंच उभा राहतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आमची काळजी घ्या. मी ते मागणार नाही. मी तुम्हाला खूप आनंद दिला असेल, पण माझ्यात दोनच तऱ्हेची माणसं होती. एक आगीत शिरणारा आणि एक आगीत जळून वाईट झालेला. जो घाबरला, पळाला, भाजला आणि तरी घरी येऊन लेकराला खरं सांगू शकला, त्याची गोष्ट माझ्या एकाही तबकडीवर नाही. तशी माणसं तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असतील. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना नाव देऊ नका. भीती वाटली तर वाटू द्या. फक्त उठून जाऊ नका. थोडा वेळ शेजारी बसा.