फेस येईपर्यंत

तिने कॉफीला फेस आणणाऱ्या फ्रॉदरचं मागचं झाकण सरकवलं, दोन्ही सेल काढले आणि बटणांच्या डब्यात अगदी तळाशी दडवले. मग झाकण जागच्या जागी बसवून, दुधाच्या कपात ते यंत्र उभं धरून, सासऱ्यांच्या देखत दोनदा बटण दाबलं.

"बंद पडलं वाटतं." आवाज शक्य तितका साधा ठेवला, तरी कान तापलेच. खोटं बोलणं तिला कधी साधलंच नव्हतं. "आज कॉफी तुम्हीच फेटाल का, बाबा? पूर्वीसारखी?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून यंत्र उलटसुलट पाहिलं. "आलोच," म्हणाले आणि चपला पायात सरकवून बाहेर पडले.

ती शिलाई मशीनपाशी येऊन बसली. कुणाच्या तरी पँटची शिवण उसवायची होती, पण हात चालेना.

बाबांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेला. डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी. ती पाटी ते घरीही घेऊन यायचे, असं नणंद म्हणे. सासूबाई गेल्यावर ते इथे राहायला आले, तेव्हाही हं-हूंच्या पलीकडे गाडी जात नव्हती. मग एका दुपारी ती कामात बुडालेली पाहून त्यांनी स्वतःच कप घेतला. कॉफी, साखर, चमचाभर पाणी घातलं आणि फेटायला लागले. हात सुरू झाला तसं तोंडही सुरू झालं. रोज फेस पांढुरका होईपर्यंत गोष्ट चाले. मग चमचा कपावर आपटून म्हणायचे, "झाली. बाकीचं उद्या."

नणंदेला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "नशीबवान आहेस. आम्हाला बापाचा आवाज फक्त हॉर्नचा ठाऊक."

आणि अशा माणसाची गोष्ट तिने तोडली. दुसरा शब्द नव्हता. कामं साचायची, गिऱ्हाइकं तगादा लावायची, आणि बाबांची गोष्ट म्हणजे प्रत्येक थांब्यावर थांबणारी, दिसेल त्याला आत घेणारी. तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. शेवटी तिने फ्रॉदर मागवला. "तुमचा हात दुखत असेल," असं म्हणाली, आणि म्हणताना स्वतःलाच ते खरं वाटलं.

शेवटची गोष्ट एका मुलीची होती. ती शेवटच्या थांब्यापर्यंत यायची आणि न उतरता त्याच बसने परत जायची. बसायची बरोबर ड्रायव्हरच्या मागे. ही मुलगी म्हणजे सासूबाईच, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. बाबा सांगत नव्हते, ती विचारत नव्हती. एका संध्याकाळी बस रिकामी झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागे वळून विचारलं, "तुम्हाला उतरायचंय तरी कुठे?"

"मग? काय म्हणाली?"

"झाली कॉफी," बाबा हसून म्हणाले होते.

दुसऱ्याच दिवशी फ्रॉदर आला. तेव्हापासून कॉफी चुटकीसरशी व्हायची, आणि बाबा कप घेऊन आपल्या खोलीत जायचे. म्हाताऱ्या माणसाचा त्रास वाचला, असं तिला वाटत राहिलं. काल नणंदेचा फोन आला, "बाबा परत गप्प झालेत का गं?" तेव्हा कुठे तिचे डोळे उघडले.

दार वाजलं. बाबांना धाप लागली होती. कपाळावर घाम, मुठीत नवे सेल.

"कोपऱ्यावर मिळाले नाहीत. पार चौकापर्यंत जावं लागलं," ते म्हणाले. "तुझी कामं अडायला नकोत." आणि त्यांनी स्वतःच सेल बसवले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने यंत्रावर हात ठेवला.

"बाबा, ती काय म्हणाली? शेवटच्या थांब्यावर?"

त्यांनी नवलाने पाहिलं. "सांगितलं की तुला."

"कधी?"

"हे आलं त्या दिवशी. मी इथंच उभा होतो. घरघर होती म्हणा, पण तू मान हलवलीस."

तिला आठवलं. त्यांचे ओठ हलत होते. यंत्राचं कौतुक करताहेत, असं समजून तिने मान डोलावली होती आणि कप पुढे करून फेस दाखवला होता.

"मला ऐकूच आलं नाही हो."

"अस्सं होय?" बाबा खुर्चीत टेकले. "मला वाटलं, ऐकलंस आणि तुला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हटलं, असेल. आपलं आपल्यालाच मोठं वाटतं."

"आत्ता सांगा ना. मी काम बाजूला ठेवते."

तिने पँट खरंच गुंडाळून ठेवली.  "ती म्हणाली," एवढं बोलून बाबा थांबले.

"नाही गं. आता सांगितलं, तर तुला बरं वाटावं म्हणून सांगितल्यासारखं होईल."

त्यांनी कप जवळ ओढला, यंत्र दुधात धरलं आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. ते मिटलेले होते.