शिवलेली कादंबरी

गोरक्षनाथ मास्तरांनी बावीस वर्षं खपून एक कादंबरी लिहिली आणि ती कोणी वाचेल या धास्तीने बाजरीच्या कोठीत लपवून ठेवली. कोणीतरी वाचून खरंखुरं मत सांगावं, ही आसही होती. पण सांगणारा समोर उभा राहिला तर, या विचारानेच त्यांना घाम फुटायचा.

सत्त्याण्णव साली त्यांची भाची माधुरी श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लासात शिकवू लागली. तिने कोठीत सापडलेली कादंबरीची वही टाईप करून फ्लॉपीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या चपट्या तबकडीवर, उतरवली.

"मामा, यापुढे पुस्तकं अशीच निघणार."

वडीएवढं ते काळं पुस्तक मास्तरांना फार आवडलं. गावात कॉम्प्युटरच नव्हता. म्हणजे पुस्तक निघालं, आणि कोणी वाचायचं भय नाही! धीर करून त्यांनी ते गावच्या वाचनालयाला भेट दिलं.

वाचनालयाच्या विजयमालाबाई नियमाच्या पक्क्या. नव्या पुस्तकावर आधी शिक्का, मग नंबर, मग बाइंडिंग. त्याशिवाय कपाटात जागा नाही. बाइंडर रंभाजीने फ्लॉपीला दाभणाने तीन भोकं पाडली, दोऱ्याने शिवली आणि वर निळ्या कापडाचे पुठ्ठे चढवले.

"अरे, काय केलंस हे!"

"पानं सुटू नयेत म्हनून, मास्तर. आता शंभर वरसं हालत न्हाई."

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की आता ही कादंबरी श्रीरामपुरातही कोणी वाचू शकणार नाही. मग ते दोन भाकरी जास्त जेवले.

पण पुस्तक मास्तरांचं, म्हणून गावाने ते रांग लावून नेलं. भागूबाईंनी नेलं, कानिफनाथ दूधवाल्याने नेलं. "वाचता आलं नाही" असं म्हणायची प्रत्येकाला लाज. आठवड्याने कानिफनाथाने मास्तरांना भर चौकात गाठलं.

"लई भारी लिव्हलंय, मास्तर! फकस्त शेवट पटला न्हाई."

तीन भोकं मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्यांनी कानिफनाथाला बाजूला घेतलं. शेवटाची शंका त्यांना बावीस वर्षं होती.

"लवकर गुंडाळला का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय की! लईच लवकर," कानिफनाथ सुटल्यासारखा म्हणाला.

मास्तर तडक घरी गेले, कोठीतून वही काढली आणि महिनाभर बसून शेवट नव्याने लिहिला. माधुरीकडून दुसरी फ्लॉपी आली. विजयमालाबाईंनी रजिस्टरात 'सुधारित आवृत्ती' अशी नोंद केली.

रंभाजीने फ्लॉपी हातात घेऊन तोलली.

"वाढलीया जरा," तो म्हणाला आणि त्याने मोठं दाभण काढलं.