पुंजाजीचं एकट्याचं कलापथक

वडनेर भोलजीच्या पुंजाजीचं पाच जणांचं कलापथक होतं. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी ढोलकीवाला सुरतेला गेला, पेटीवाला पुण्याला, मागे सूर धरणारे दोघंही पांगले. आणि नेमकं पुढच्या उन्हाळ्यात एका संस्थेनं बोंडअळीवर जागृतीचे आठ कार्यक्रम पुंजाजीला दिले.

फोनवर त्यानं एक बाई पाहिली होती. ती टाळी वाजवायची, मशीन ती टाळी धरून पुन्हा पुन्हा फिरवत राहायचं. त्यावर ती गुणगुणायची, तेही फिरायचं. ऐकताना वाटे, पाच जण गातायत. पुंजाजी नांदुऱ्याला नौमानच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

"कसा लॅपटॉप पाह्यजे?" नौमाननं विचारलं.

"ढोलकी वाजवणारा."

नौमान हसला नाही. दोघांनी मिळून नेटवर वाचलं. एक जण म्हणे आठ जीबी रॅम पुरे, दुसरा म्हणे सोळाच्या खाली हातच लावू नका. तिसरा म्हणे लॅपटॉप कशाला, पायानं चालवायचं मशीनच घ्या. सॉफ्टवेअर फुकटचं की विकतचं, यावर तर लोक भांडतच होते.

"मंग काय घ्यावं?" पुंजाजीनं विचारलं.

"मले काय इचारता भाऊ? सकाळी समजलं होतं ते आता इसरून राह्यलो."

शेवटी जुना लॅपटॉप, माइक जोडायचा डबा, पायाचं बटण आणि फुकटचं सॉफ्टवेअर ठरलं. पहिली टाळी वाजवली तर ती उशिरा परत आली, विहिरीतून आल्यासारखी. नौमाननं दोन दिवस सेटिंग बदलली. उशीर गेला, पण कशानं गेला हे त्याला सांगता येईना. बटणाचं तेवढं पाठ झालं: एकदा दाबलं की आवाज भरतो, परत दाबलं की फिरतो, पटापट दोनदा दाबलं की बंद.

पहिला कार्यक्रम शेजारच्या गावात, शाळेपुढे झाला. गाणं नीट पार पडलं. मग पुंजाजीनं माइक पुढे केला. "शंका असन तर इचारा."

तानुबाई नावाची म्हातारी उठली. "बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हणे. मंग आता काऊन लागली?"

तिच्यापुढे माइक धरायला वाकताना पुंजाजीचा पाय बटणावर पडला होता. सरळ होताना परत पडला. स्पीकरमधून तानुबाईचा प्रश्न पुन्हा आला. पुन्हा. लोक हसले. पाचव्यांदा कोणी हसलं नाही.

"बंद करा ना ते," संस्थेच्या मॅडम म्हणाल्या. घाबरून पुंजाजीनं दोनदा बटण दाबलं, पण सावकाश, आणि मधल्या वेळात मॅडम परत तेच म्हणाल्या. आता प्रश्नावर मॅडमचा आवाजही फिरू लागला. शेवटी त्यानं स्पीकरची वायरच उपटली.

तानुबाई उभीच होती. "मंग?"

पुंजाजीनं मॅडमकडे पाहिलं. त्या कागद चाळत होत्या.

"मले नाही माहीत, तानुबाई," तो म्हणाला. "माह्याही वावरात लागली."

एक जण घरून मागच्या हंगामाची किडकी बोंडं घेऊन आला. मग दुसरा आला. कोणी बियाणं बोगस म्हणालं, कोणी फवारणी चुकली म्हणालं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम अंधार पडेस्तोवर चालला आणि मॅडम लिहीत राहिल्या.

जीपमध्ये त्यांनी विचारलं, "ते मुद्दाम केलं होतं का?"

"नाही."

"उद्या परत कराल?"

पुंजाजीनं खूप आठवून पाहिलं. "बटण केव्हा न् किती वेळा दबलं, तेच मले समजलं नाही," तो म्हणाला.