ओझेलाची खुर्ची

हार्लेममधल्या सात बँडप्रमुखांना मी नाचणाऱ्यांकडे तोंड करून पहिली लय धरताना पाहिले आहे. सातही जण ओझेला प्रिचेटच्या हाताखाली घडले. ही रीत तिला सापडली त्या रविवारी, सदतीस साली, मी तिच्यामागे बास हे उंच तंतुवाद्य वाजवीत उभा होतो.

आमचे प्रमुख होझिया टार्व्हर नुकतेच निवर्तले होते. बँड चालवण्याची त्यांची छडी आता कोणी धरावी, हे आम्ही पंधरा वादक मतदानाने ठरवणार होतो. ओझेलाने ती मागितली. ती आमची गायिका. सहा वर्षे मंचाच्या कडेला खुर्चीत बसून आपल्या कडव्याची वाट पाहिलेली. रविवारच्या दुपारच्या नृत्यात तिची परीक्षा घ्यावी, असे ठरले.

“नाचणारे थांबले की छडी माझी,” ट्रम्पेटवाला क्लायटस म्हणाला. “कबूल ना, पोरी?”

“कबूल. तोवर तोंड ट्रम्पेटलाच लाव.”

होझियांप्रमाणेच ती नाचणाऱ्यांकडे पाठ करून उभी राहिली. आमच्या चेहऱ्यांवरचा उत्साह पाहून तिने भलतीच जलद लय धरली, आणि तिथेच चुकली. आम्ही उधळलो. एकेक जोडी नाच सोडून भिंतीला टेकली. याहून कठोर निवाडा आमच्याकडे नाही.

“अगं, गाडी सुटतेय का तुझी?” खालून एक लाँड्रीवाली ओरडली. सभागृह हसले. क्लायटसने छडीसाठी हात पुढे केला.

ओझेलाने छडी पियानोवर ठेवली आणि ती आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली. तिने हार मानली, असेच मला वाटले. परंतु होझियांना आयुष्यभर आमचे चेहरे दिसले होते. त्या खुर्चीतून तिला मात्र सहा वर्षे नाचणाऱ्यांचे पाय दिसत आले होते. संगीत थांबले तरी ती लाँड्रीवाली आपल्या जोडीदाराशी बोलता बोलता टाचांनी स्वतःचीच लय धरून होती. ओझेलाने ते पाय क्षणभर न्याहाळले आणि त्याच लयीत चुटक्या वाजवू लागली.

मी बासवर ती लय उचलली. मागोमाग ड्रम आले. ओझेला उठली, नाचणाऱ्यांसमोर उभी राहिली आणि गाऊ लागली. भिंती ओस पडल्या, पायांखालची फळी थरथरू लागली.

“आता कसं!” लाँड्रीवाली गिरकी घेत म्हणाली.

गाणे संपले. मतदानाचा विषय कोणीही काढला नाही. क्लायटसने पियानोवरची छडी उचलली आणि दोन्ही हातांनी ओझेलापुढे धरली.

“पुढचं कुठलं, बाई?” त्याने विचारले.