खालचा वास गुळाचा

मी एक जुनी तांब्याची डेग आहे. सध्या गडमुडशिंगीत आंघोळीचं पाणी तापवते. पण मित्रांनो, माझा जन्म अत्तरासाठी झाला होता. कोल्हापुरातल्या तांबटाने मला इतकं ठोकलं, की माझं नक्की काय चुकलं होतं, हे मी अजून आठवते आहे.

साल एकोणीसशे अडुसष्ट. माझे मालक आकाराम यांनी रानातला ऊस मोडून मोगरा लावला. गाव हसलं. त्यांच्या पत्नी चिमणाबाई हसल्या नाहीत. कळ्या त्यांनाच तोडायच्या होत्या. अत्तर खपलं तर रान मोगऱ्याचं, नाहीतर पुन्हा ऊस, असं घरात ठरलं होतं.

माझ्या पोटात कळ्या आणि पाणी, तोंडाला बांबूची नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला चंदनाचं तेल. त्यात वाफ मुरली की अत्तर. चूल मांडली गुऱ्हाळाशेजारी, कारण जळणाला उसाची चिपाडं फुकट.

अत्तर उतरलं. सगळ्या गावाने हुंगून सांगितलं, "निव्वळ मोगरा की!" मला धन्य वाटलं.

मग राजारामपुरीतले अत्तरवाले त्र्यंबकराव आले. मनगटावर थेंब लावून त्यांनी डोळे मिटले.

"वरचा वास मोगऱ्याचा. मधला चंदनाचा." त्यांनी मनगट पुन्हा नाकाशी नेलं. "खालचा गुळाचा."

"गूळ? कुठं हाय गूळ?"

"अहो, मुंगी चढली मनगटावर!"

आकारामांनी पुन्हा हुंगलं. काही नाही. जन्मापासून गुळाच्या वासात वाढलेल्या गावाला तो वास येतच नव्हता. त्यांच्या लेखी ती नुसती हवा होती.

मला चिंच लावून, राखेने घासलं. चूल ओढ्यापलीकडे नेली. पुन्हा कळ्या, पुन्हा त्र्यंबकराव.

"आता बघा, पावणं."

त्र्यंबकराव बराच वेळ हुंगत राहिले. "आता गूळ जरा वरच्या प्रतीचा आहे," म्हणाले, आणि निघून गेले.

दोष माझ्या तांब्यात होता, चिपाडात होता की वाऱ्यात, कोण सांगणार? आषाढात मोगरा उपटला आणि उसाची लावण झाली. मी न्हाणीत आले.

एकदा माझ्या वाफेत उभे राहून आकाराम हळूच म्हणाले, "अगं ऐकलंस का? मोगऱ्याचा वास येतोय अजून."

"आवं, साबण हाय त्यो," बाहेरून चिमणाबाई म्हणाल्या.

आकारामांनी तांब्या अंगावर ओतला.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून ठेवा, हे तर आहेच. पण कुणी वाफेत उभं राहून असं काही म्हणालं, तर लगेच साबणाचं नाव काढू नका. निदान आंघोळ होईपर्यंत.